अकराचा अंदाज

शाळेच्या सभागृहातल्या नव्या सज्ज्यावर भार तपासायला वाळूची पोती चढत होती आणि खाली वाक मोजणाऱ्या काट्यावर नजर लावून बसलेल्या इंजिनिअरचा जीव टांगणीला लागला होता. सज्ज्याचा आराखडा तिचा, बांधकाम तिच्या थोरल्या भावाचं. घरच्या माणसाला काम दिलं की डोक्याला ताप नाही, असं म्हणणाऱ्यांनी एकदा देऊन बघावं.

सगळी पोती चढली की सज्जा अकरा मिलिमीटर वाकेल, असं तिने मुख्याध्यापिकांना लिहून दिलं होतं. मनात मात्र पंधरा होते. मागे एका कुंपणाच्या भिंतीत दादाने सिमेंट घालताना हात आखडता घेतला होता, आणि सज्ज्याचं काँक्रीट ओतलं त्या दिवशी ही नेमकी परगावी. पंधरा आले तर सज्जा सुरक्षित असल्याच्या दाखल्यावर सही करायची नाही, मग दादाशी कायमचं वाकडं आलं तरी चालेल, असं ठरवूनच ती आली होती. उद्या वर दोनशे मुलं बसणार होती.

दादा शेजारी निवांत उभा होता. तिला तेच खुपत होतं.

शेवटचं पोतं चढलं. काटा सातवर थांबला.

"म्हणजे कमीच वाकला की," मुख्याध्यापिका म्हणाल्या. "करा सही."

"चार मिलिमीटर कुठे गेले ते कळल्याशिवाय नाही."

"कमी आलं म्हणून कुणी तोंड पाडतं का?"

चोरी करून सज्जा कमी वाकत नाही. मग आपलंच गणित चुकलं? तिने शिडी लावली, वायरीसाठी ठेवलेल्या भोकातून पट्टी घातली आणि सज्ज्याची जाडी मोजली. चार सेंटिमीटर जास्त.

"दादा, हे काय?"

"जाड केला. लोखंडही वाढवलं. माझ्या पदरचं." तो जरा लाजला. "तुझं पहिलंच मोठं काम. म्हटलं, आकड्यात कुठे चुकली असलीस तर सांभाळून घेईल."

तिला रडू आलं आणि त्याच दमात संतापही. "अरे, हे जादा वजन खालच्या खांबांनी पेलायचंय! त्यांच्या हिशेबात ते धरलेलंच नाही. बाई, खांब पुन्हा तपासेपर्यंत इथे कुणी बसणार नाही."

मुख्याध्यापिका तणतणत निघून गेल्या. तिने खांबांचे आकडे काढायला वही उघडली. दादा वाकून बघत होता. पानाच्या कडेला पेन्सिलीने लिहिलं होतं: पंधरा आले तर सही नाही.

"पंधरा कसे येतील?" त्याने विचारलं. "लोखंड कमी घातलं तरच ना?"

तिने घाईने ती ओळ तळव्याने झाकली.

"बरं," दादा म्हणाला. मग तो शिडी चढून गेला आणि कुणाला हाक न मारता एकेक पोतं उतरवायला लागला.