शेवटचं रीळ

"एकदा तरी शेवटचं रीळ डोळे उघडे ठेवून बघ!" थिएटरात सिनेमे चालवणारे आमचे हे दरवेळी बजावायचे. अवकाशयानातल्या टाकीतून राक्षस निघाला, की मी डोळे मिटून जप सुरू करायची. "तुझ्या जपानं तो परत टाकीत गेला, तर लोक मला बडवतील!" देवाघरी जाताना त्यांनी डोळे उघडे ठेवायचं वचनच घेतलं.

चाळीस वर्षांनी तोच सिनेमा पुन्हा लागलाय.

"आजी, रबरी आहे गं तो. पाठीची शिवणसुद्धा दिसते," नात म्हणाली.

"मग तिसऱ्यांदा कशाला निघालीस?"

"भीती वाटते म्हणून!"

नेमाचा जप मी सकाळीच उरकला होता. "देवा, आज तुला सुट्टी," असं पुटपुटत जपमाळ देव्हाऱ्यात ठेवली आणि चपला घातल्या.