मुरवलेला कोट

एर्सिलियाने कोटाच्या उजव्या खिशात सात चेस्टनट टाकले, तळहाताने वजन जोखलं आणि आठवा टाकला. मग कोट अंगात चढवून ती स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसली आणि बटाटे सोलू लागली. सोलताना कोपर दुमडत होतं, बाहीवर बारीक चुण्या उमटत होत्या, विरत होत्या, पुन्हा उमटत होत्या. आणि दर दोन बटाट्यांमागे हात थांबवून ती त्या चुण्यांकडे बघत होती, मळून ठेवलेलं पीठ फुगलं की नाही हे बघावं तशी.

कोट ओल्या राखेच्या रंगाचा होता. शिवून पुरा झाला त्याला आज छत्तिसावा दिवस. कोरा कोट घालून रस्त्यात उतरणं म्हणजे मादामा ऑत्तावियांच्या लेखी किमतीची चिठ्ठी गळ्यात अडकवून हिंडणं होतं. नवेपणात खटपट दिसते, आणि खटपट दिसणं ही आपण कालपरवा वर आल्याची कबुली असते, असं त्यांच्या आईने त्यांना शिकवलं होतं. म्हणून त्यांचा प्रत्येक कपडा आधी चाळीस दिवस एर्सिलियाच्या अंगावर राहायचा. लोणचं मुरावं तसा मुरायचा. दोघींचे खांदे नेमके एका मापाचे. बावीस वर्षांपूर्वी, युद्ध संपलं त्या वर्षी, या एका योगायोगावरच तिला हे काम मिळालं होतं. तिचा हात किती चांगला आहे, हे मादामांना त्यानंतर कळलं.

बटाटे संपले. तिने साली वर्तमानपत्रात गुंडाळल्या, पिशवी घेतली आणि कोट न काढताच ती जिना उतरली. तळाशी इमारतीची राखणदारीण नोर्मा दाराची पितळी मूठ घासत होती.

“काय तॉता, आज कुठल्या दरबारात?”

लग्न न झालेल्या बाईला तोरिनोत मरेपर्यंत तॉताच म्हणतात, आणि एर्सिलिया आता साठीला टेकली होती.

“कोबी आणायला.”

“हा कोट घालून कोबी? कोबीलाच लाज वाटायची.” नोर्माने फडकं झटकलं. “खरं सांगू, रागावू नकोस हं. तुझ्या अंगावर तो कुणीतरी दयेने दिल्यासारखा दिसतो. आणि पुढच्या महिन्यात बघ, तिच्या अंगावर जन्मापासून असल्यासारखा दिसेल. कापड तेच, माप तेच, खांदेसुद्धा तेच. मग होतं काय मधल्यामध्ये?”

“तिला ट्राम पकडायची नसते,” एर्सिलिया म्हणाली.

“म्हणजे?”

“म्हणजे काही नाही. ट्राम आली माझी.”

ट्राममध्ये जागा होती तरी ती आधी उभी राहिली. वरचा पट्टा धरला की काखेतली शिवण सैल पडते. मग चार थांबे ती मुद्दाम पाठ टेकून बसली, मागची घडी चुरगळावी म्हणून. बाजारात गर्दी होती. भाजीवाल्याने तिला सुटे पैसे दिले, मासेवाल्याने पाण्याची बादली तिच्या पायाशी रिकामी केली. कोटाकडे कुणाची नजर गेली नाही. या शहरातला सर्वांत सुंदर बेतलेला गळा कोबीच्या ढिगावर वाकला, सरळ झाला आणि गर्दीतून निघून गेला.

हा कोट शेवटचा होता. तिच्या डाव्या डोळ्यात वर्षभरापासून दुधासारखं धुकं साचत चाललं होतं आणि उजवाही त्याच वाटेवर होता. राखाडी कापडावरचा राखाडी दोरा तिला आता दिसत नसे. गळ्याचे आतले टाके तिने बोटांनी मोजून घातले होते. दोन महिन्यांपूर्वी माप बघायला गेली तेव्हा गुडघ्यांवर बसून काठाला टाचण्या लावताना ती हे बोलून गेली होती.

“हा शेवटचा, मादामा.”

“भलतंच काय बोलतेस. मोठा दिवा लाव.”

“दिव्याचं नाही आता.”

मादामा ऑत्ताविया खिडकीबाहेर, नदीकडे बघत उभ्या होत्या. त्यांनी मान खाली वळवली नाही. काठ हलला असता.

एर्सिलियाने तोंडातल्या टाचण्या काढून हातात घेतल्या. “त्या परदेशी बाई येणार आहेत ना, मासिकाच्या? त्यांनी कोटाचं विचारलं, तर माझं नाव सांगाल?”

बावीस वर्षांतलं हे तिचं पहिलं मागणं होतं. मादामांच्या कपड्यांना गळ्यामागे शिवणाऱ्याची चिठ्ठी नसायची. चिठ्ठी म्हणजे फुशारकी. त्यामुळे त्रेसष्ट कपड्यांत मिळून एर्सिलियाचं नाव कुठेही नव्हतं. आणि आता नवा कपडा व्हायचा नव्हता.

“एवढंच ना?” मादामा हसल्या. “सांगेन की. आडनावासकट सांगेन. शब्द दिला तुला.”

एकोणचाळिसाव्या दिवशी एर्सिलियाने शेवटची दोन कामं केली. खालून दुसरं बटण उसवून किंचित फिक्या दोऱ्याने पुन्हा लावलं, जणू ते कधीकाळी तुटून पडलं होतं. मग अस्तर उलटं करून, डाव्या बाजूला, जिथे काहीच फाटलेलं नव्हतं तिथे, बोटभर रफू केलं. या रफूला तिला दुपारभर लागलं. खरं भोक झाकायचं तर भोकच वाट दाखवतं. इथे आधी जखम मनाशी ठरवावी लागत होती आणि मग ती भरून आणावी लागत होती.

गुरुवारी ती कोट चादरीत गुंडाळून नदीकाठच्या घरी पोचली. गुरुवार मोलकरणींच्या सुट्टीचा. मादामांची मोलकरीण चेलेस्तीना घरी नव्हती. मादामांनी कोट हातात घेतला, बाहीवरून बोट फिरवलं, खिशात हात घालून बघितला. मग तो दिवाणखान्यातल्या खुर्चीवर फेकला. बघितलं. उचलून पुन्हा फेकला. तिसऱ्या वेळी तो जसा पडायला हवा होता तसा पडला, बाहेरून येऊन बाईने न बघता टाकून दिल्यासारखा.

“सुरेख,” त्या म्हणाल्या. “तू आता कॉफीचं बघ, आज ती नाही ना. आणि बोलावीन तेव्हा ये.”

पाहुणी कोपनहेगनची होती, नाव मारेन. उंच, मोकळ्या चेहऱ्याची, अडखळत पण न लाजता इटालियन बोलणारी. तिचा पावसाळी कोट इतका नवा होता की दुकानातल्या घड्या पाठीवर चौकटीसारख्या उमटून होत्या. दार उघडल्यावर तो तिच्या खांद्यावरून उतरवून घेताना एर्सिलियाचा तळवा आपोआप त्या घडीवरून फिरला.

मग ती स्वयंपाकघरात गेली. मधलं दार अर्धवट उघडं होतं, आणि घर इतकं शांत होतं की पेन्सिलीची खरखरही ऐकू येत होती.

“आमच्याकडच्या बायकांचा एकच प्रश्न असतो,” मारेन म्हणत होती. “आम्ही तासभर आरशासमोर उभ्या राहतो आणि शेवटी सजवलेल्या झाडासारख्या दिसतो. तुम्ही काही न करता अशा कशा दिसता?”

“प्रश्नातच उत्तर आहे तुमच्या. काही करायचं नाही.”

“अगदी काहीच?”

“सकाळी जे हाताला लागेल ते घालायचं. आणि मग विसरून जायचं. तुम्ही मुली विसरत नाही, हीच अडचण आहे.”

मारेन हसली. पेन्सिल भराभर चालली. “आणि हा? आल्यापासून माझं लक्ष त्याच्याकडेच आहे. हात लावू?”

“तो होय? अहो, किती जुना आहे तो. आईचा. युद्धाच्या आधीचा असेल.”

खुर्ची सरकल्याचा आवाज आला, मग जाड कापडाचा. एर्सिलियाने कॉफीचं भांडं विस्तवावरून उतरवलं.

“आतून रफू केलाय,” मारेन म्हणाली, आणि तिचा आवाज एकदम हळू झाला. “किती मायेने जपलाय हो. आम्ही फाटलं की टाकून देतो. आणि हा गळा... असा गळा मी पॅरिसमध्येही बघितला नाही. कुणी शिवला हा?”

एर्सिलियाने तबकावर कप मांडले होते. तिसरा कप तिने परत फळीवर ठेवला.

“एर्सिलिया कावान्येरो,” मादामांनी प्रत्येक अक्षर सुटं करून सांगितलं. “लिहून घ्या. एर्सिलिया, कावान्येरो.”

स्वयंपाकघरातल्या बाईने एप्रन काढला. केसातली पिन काढून नीट खोचली. कॉलरची टोकं सारखी केली आणि तबक उचललं.

“अजून शिवतात त्या?” बाहेर मारेन विचारत होती. “मला भेटायलाच हवं त्यांना. फोटो काढीन, हातांचा निदान. लेखाचा शेवटच त्यांच्यावर करीन मी.”

उत्तर यायला वेळ लागला. एक बाई मनातल्या मनात एका आकड्यातून दुसरा वजा करते, तेवढा. कोट आईचा होता. युद्धाआधीचा होता.

“छे, कुठल्या भेटतात आता,” मादामा म्हणाल्या. “युद्धाच्या शेवटच्या हिवाळ्यातच गेली बिचारी. तसे हात पुन्हा झाले नाहीत या शहरात. मी तर म्हणते, तिच्यानंतर शिवणंच संपलं.”

बावीस वर्षांत मादामांनी तिच्या हातांबद्दल हे कधी म्हटलं नव्हतं.

“अरेरे,” मारेन म्हणाली, आणि तिला मनापासून वाईट वाटलं होतं. पेन्सिल थोडी चालली आणि थांबली.

एर्सिलिया तबक घेऊन आत गेली. बशीवर चमचा वाजला नाही. मारेनने वर बघून तिचे आभार मानले आणि मादामांकडे प्रश्नार्थक पाहिलं, या कोण म्हणून.

“ही घरचीच,” मादामा म्हणाल्या.

कॉफी पिऊन झाल्यावर मारेनने खिडकीशी मादामांचे फोटो काढले. कोट खांद्यांवर नुसता टाकलेला, एक हात खिशात. खिसा जिथे ओघळायला हवा तिथे ओघळत होता. मादामांनी आरशात एकदाही पाहिलं नाही. त्या खरोखर सुंदर दिसत होत्या, आणि हे बघणाऱ्या दोघींपैकी कुणालाच नाकारता आलं नसतं.

निरोप घेताना मारेन पुढे गेली तेव्हा मादामांनी एर्सिलियाचं मनगट धरलं. त्यांचे डोळे चमकत होते. दिलेली गोष्ट पोचल्यावर माणसाचे चमकतात तसे.

“ऐकलंस ना? सांगितलं तुझं नाव. आडनावासकट.”

“ऐकलं, मादामा.”

“दुसरं काय म्हणणार होते मी? तूच सांग. नवाय म्हणून सांगू?” त्यांनी मनगट सोडलं. “जा, तिला खालपर्यंत पोचवून ये. जिन्यात अंधार असतो.”

दोघी उतरू लागल्या. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर मारेन थांबली, खांद्यावरची पिशवी पुढे ओढून तिने वही काढली.

“एक मदत कराल? त्या शिवणाऱ्या बाईंचं नाव मी घाईत ऐकलं तसं लिहिलंय. तुम्ही घरच्याच, तुम्हाला ठाऊक असेल. गेलेल्या माणसाचं नाव चुकीचं छापलं तर फार वाईट वाटतं. दुरुस्त करायला ती येऊ शकत नाही ना.”

एर्सिलियाने वही घेतली. वळणाच्या खिडकीतून नदीवरचा मळकट उजेड येत होता. ती तिथे गेली, वही हातभर लांब धरली, मग जवळ घेतली. जाड अक्षरांत तिचं नाव होतं. छापण्यासाठी कुणीतरी लिहून घेतलेलं.

“इथे ‘न्ये’ला एन आणि वाय नाही,” ती म्हणाली. “जी, आणि मग एन. आम्ही तसं लिहितो.”

“बघा, विचारलं म्हणून बरं झालं. तुम्हीच लिहून द्या ना.”

मारेनने पेन्सिल पुढे केली. एर्सिलियाने वही खिडकीच्या कट्ट्यावर टेकवली, चुकलेल्या नावावर रेघ मारली आणि खाली नवं लिहायला घेतलं. ती फार सावकाश लिहीत होती. मारेन शेजारी उभी राहून तिची बोटं बघत होती.

“ओळखत होतात त्यांना?”

“एकाच आळीत राहायचो.”

“कशा होत्या?”

शेवटचा ओ पुरा वळेपर्यंत एर्सिलियाने मान वर केली नाही. “लोकांत फारशी नसायची,” ती म्हणाली.

मारेनने वाकून नाव वाचलं, ओठ हलवून एकदा म्हणून पाहिलं. या वेळी उच्चार बरोबर आला.

“आणि वारलेल्यांच्या नावाला तुमच्याकडे क्रूस लावतात, तो आधी की नंतर? आमच्याकडे नावाआधी असतो. तुमच्या रीतीने व्हायला हवं.”

खाली रस्त्यावरून ट्राम गेली; खिडकीची काच थोडी थरथरली आणि थांबली.

“नंतर,” एर्सिलिया म्हणाली.

पेन्सिल तिच्याच हातात होती. तिने नावापुढे बटणाएवढी जागा सोडली. उभी रेघ पहिल्या झटक्यात सरळ आली. आडवीसाठी तिला वही उचलून उजेडाकडे धरावी लागली.