ताम्हनाखालचा पासपोर्ट

श्रावणी सोमवारी विमला दिवेलागणीपर्यंत बोलत नसे. शाळेच्या ऑफिसातून रजा घ्यायची आणि अगदी लागलंच तर पाटीवर दोन शब्द लिहून दाखवायची. धाकट्या दिराला, शिवदासला, हे चांगलं ठाऊक होतं. मंगळवारी संध्याकाळी त्याचं मस्कतचं विमान होतं. सांगायचं ते त्याने नेमकं सोमवारी सकाळी सांगितलं.

"बँकेच्या त्या कार्डाचे साडेनऊ हजार राहिलेत, वहिनी. माझी नोकरी लहान म्हणून जामीन मागितला होता, त्यावर सही तुझी आहे. माणसं इकडे मुलुंडला येतील. तू थोडेथोडे भर, मी तिकडून पाठवीन."

विमला बेलाची पानं निवडत होती. तिचा महिन्याचा पगार अकराशे. नव्या बॅगा, दोन सूट, जुहूच्या हॉटेलात मित्रांना दिलेली पार्टी, सगळं त्या कार्डावर झालं होतं हे तिला आत्ता कळत होतं.

"अशी बघू नकोस ना. दादा गेल्यापासून एकटा जीव तुझा. उपासांनी निम्मा किराणा तर वाचतोच."

तिने पाटी ओढली आणि लिहिलं, 'फंड?' नोकरी सोडताना त्याला सतरा हजार मिळाले होते.

"ते विरारच्या ब्लॉकसाठी. त्यांना हात लावणार नाही मी. आणि ती पाटी पुढे करू नकोस, मी काय तुझ्या शाळेतलं पोर आहे? माझा पासपोर्ट दे."

पासपोर्ट देव्हाऱ्यात होता. परदेशी जाणाऱ्याचे कागद देवापुढे ठेवायचे, हा त्याच्या आईचा हट्ट. रविवारी त्यानेच हसत हसत ठेवला होता. विमला शांतपणे उठली. पासपोर्ट पाटावर ठेवला, त्यावर पितळी ताम्हन, ताम्हनात शंकराची पिंडी. वर अभिषेकपात्र टांगून तिने तांब्याभर पाणी ओतलं. पिंडीवर थेंब पडू लागले.

शिवदास पुढे झेपावला. कोपऱ्यात वाती वळत बसलेल्या सासूबाई, म्हणजे त्याची आई, मान वर न करता म्हणाल्या, "न्हाल्याशिवाय हात लावूचो नाय. आणि माझ्या घरात सोमवारचो अभिषेक मोडलंस, तर मस्कताक जाण्याआधी हयसून भायर हो."

"आई, ती माझी वाट लावतेय."

"तू तिची काय केलंस मगाशी? आयकलंय मी."

ताम्हनात पाणी चढत होतं. एरवी विमला पळीने ते काढून घेई. आज पळी तिच्या मांडीवर होती आणि हात जपमाळेवर. पाणी काठाला पोचायला दोन बोटं उरली.

"काढ ते पाणी. पासपोर्टात व्हिसा आहे."

तिने पाटीवर लिहिलं, 'पावती.'

"देवाच्या आडून वसुली करतेस. भक्तीण म्हणे."

ते तिला लागलं. पण पाटीवरचा शब्द तिने पुसला नाही.

त्याने चपला पायात सरकवल्या आणि दार आपटून गेला. तो जिना उतरल्याबरोबर विमलाने ताम्हन रिकामं केलं. मग अभिषेक न मोडता, फराळालाही न उठता ती दुपारभर पळीपळीने पाणी काढत राहिली. पासपोर्टाचा कोपराही भिजू दिला नाही.

चारच्या सुमारास त्याने बँकेच्या शिक्क्याची साडेनऊ हजारांची पावती तिच्यापुढे फेकली. तिने ती दोनदा वाचली, ताम्हन उचललं आणि कोरडा पासपोर्ट त्याच्या हातात दिला. त्याने पान न् पान उलटून पाहिलं आणि तोंड फिरवलं.

मंगळवारी निघताना तिने रिवाजाप्रमाणे त्याच्या हातावर दही घातलं. "सांभाळून जा."

"आज फुटलं का तोंड?" तो म्हणाला. दही त्याने तोंडाला लावलं नाही. तिच्या देखत रुमालाला पुसलं, आईच्या पाया पडला, विमलाच्या नाही, आणि बॅगा घेऊन उतरला.

विमलाने वाटी धुतली. पावती घडी करून देव्हाऱ्यात, ताम्हनाखाली ठेवली.