पडवळची पाठ

नितेश नोकरीसाठी दुबईला गेला आणि जाताना आपला डॅशहुंड आईबापांच्या गळ्यात मारून गेला. मुलुंडच्या एवढ्याशा ब्लॉकमध्ये कुत्रं नको म्हणून काशीरामने घर डोक्यावर घेतलं होतं. पण त्याचं लांबलचक अंग आणि बोटभर पाय बघून ‘पडवळ’ हे नाव दिलं ते त्यानेच. नाव दिलं की माणूस अडकतो, हे त्याच्या बायकोला, रत्नप्रभाला तेव्हाच कळून चुकलं.

पडवळ पलंगावर तिच्या पायाशी झोपायचा. हा पलंग काशीरामच्या वडिलांनी गावच्या परसातल्या फणसाच्या लाकडाचा स्वतः केलेला, चांगला कमरेपर्यंत उंच. त्याला साधा खिळा ठोकायचीही घरात कोणाला सोय नव्हती. बेल वाजली की पडवळ त्यावरून धाडकन खाली उडी टाकायचा आणि रत्नप्रभा त्याचं कौतुक करायची. एकदा इस्त्रीवाला आला, पडवळने उडी मारली, आणि मागचे पाय फरफटत तो तिच्याकडे आला. ती त्याला तसाच उचलून दवाखान्यात धावली.

प्राण्यांची डॉक्टर ऋता हिने सांगितलं की या जातीचा कणा लांब, त्याच्या मणक्यांमधली गादी पटकन सरकते. उड्या, जिने आणि वाढलेलं वजन हे तिचे वैरी. औषधं दिली, आणि छोट्या कुंपणात नुसतं पडून राहायला सांगितलं. दुखणं हत्तीच्या पायाने येतं आणि मुंगीच्या पायाने जातं; शेवटी एकदाचा पडवळ उभा राहिला तेव्हा काशीराम गॅलरीत जाऊन नाक शिंकरत बसला.

“या वेळी निभावलं, काकू,” ऋता म्हणाली. “पुन्हा तशी उडी मारली तर कदाचित तो कधीच चालणार नाही.”

रत्नप्रभाने तुपाची पोळी बंद केली. गळ्यातला पट्टा काढून छातीचा आणला. जिन्यावर ती त्याला छातीखाली एक आणि ढुंगणाखाली एक हात देऊन उचलू लागली. पलंगाला उतरती फळी लावली, तर महाराजांनी ती हुंगली आणि बाजूने वर चढायची खटपट सुरू केली. खाली अंथरूण घातलं, तर तिथे बसून असा रडायचा की शेजारी विचारायला आले. एकच उपाय उरला होता, पण तो नवऱ्याजवळ काढायची तिची छाती होत नव्हती. शिवाय काशीरामचे गुडघे गेलेले. खालच्या बैठकीवरून उठणं म्हणजे त्याला शिक्षाच.

एके दुपारी ती बाजारातून आली तर घरभर भुसा. पलंग पार खाली आलेला, आणि काशीराम हातात करवत घेऊन घामाघूम. तिला रडूच फुटलं.

“अहो, बाबांचा पलंग. आणि तुमचे गुडघे?”

रागावला किंवा गहिवरला की काशीराम मालवणीवर यायचा.

“बापाशीन पलंग उंच केल्यान, तो माका विंचू चावू नये म्हणान,” तो म्हणाला. “मिया कमी केलंय, तो ह्याची पाठ मोडू नये म्हणान. बापाशीक राग येवचो नाय.”

पडवळने पुढचे पाय पलंगावर टेकले आणि घरात शिरावं तसा चालतच वर गेला. काशीराम त्याच्या शेजारी बसायला गेला, तो वाटलं त्याहून बराच खाली गेला. उठता येईना. रत्नप्रभाने हात पुढे केला. काशीरामने तो धरला, पण उठला नाही. तिलाही शेजारी बसवून घेतलं.