चंद्राला ओवाळणार नाही

निरांजनाच्या उजेडात डर्कचे पिंगट केस अधिकच सोनेरी दिसत, आणि मांडी घालता न आल्यामुळे पाटावर बसताच त्याचे लांबलचक गुडघे थेट कानांशी येत. जपानमधल्या ओजिमातल्या माझ्या चिमुकल्या घरात, खिडकीबाहेर गिंकोची पाने पिवळीधमक होत असताना, हा डच माणूस दर भाऊबीजेला टोपीऐवजी डोक्यावर हातरुमाल टाकून टिळ्यासाठी कपाळ पुढे करी.

मला भाऊ नव्हता. लहानपणापासून मी चंद्रालाच ओवाळत आले. बिनभावाच्या बहिणीला आपल्याकडे तोच आधार. डर्क माझ्याच प्रयोगशाळेतला. अकरा सालच्या मोठ्या भूकंपानंतर परदेशी मंडळी भराभर मायदेशी निघाली, आई फोनवर रडू लागली, "निघून ये गं." हातातले संशोधन टाकून पळायचे नाही म्हणून मी हटून बसले. तोही बसला. आमच्या इमारतीची लिफ्ट बंद होती. तो पाण्याचे कॅन खांद्यावर घेऊन जिने चढे, आधी शेजारच्या जपानी आजींकडे, मग माझ्याकडे. पुन्हा धक्के बसू लागले की मुद्दाम मोठ्याने शीळ घाली, भीतीलाही लाज वाटावी इतकी बेसूर.

त्या शरदात मी त्याला प्रथम ओवाळले आणि भाऊ म्हणजे काय ते सांगितले.

"आमच्याकडे ब्रूर," तो म्हणाला. "जर्मन लोक ब्रूडर म्हणतात, स्वीडिश ब्रोर."

मी त्याला संस्कृतातला भ्राता ऐकवला. सगळे एकाच घरातले निघाले.

"म्हणजे ओळख जुनीच आहे, ताई," मीच शिकवलेल्या हाकेने तो म्हणाला.

पुण्याचे नातेवाईक हसले. मानलेला भाऊ, परका तो परकाच, म्हणाले. हसोत बापडे! पाण्याचे कॅन घेऊन जिना चढताना मला रक्ताचे कोणी दिसले नव्हते.

गेल्या हिवाळ्यात डर्क त्याच्या गावी दुखण्याने वारला. परवा भाऊबीजेला आई फोनवर हलक्या आवाजात म्हणाली, "आता पुन्हा चंद्रालाच ओवाळ, बाळा."

संध्याकाळी बिजेची कोर गॅलरीसमोर आली. मी पडदा ओढून घेतला. पाट मांडला, भोवती रांगोळी काढली, पाटावर त्याचा हातरुमाल ठेवला आणि ओवाळले. चंद्र ज्यांना भाऊ नाही त्यांच्यासाठी. काळाने माणूस नेला, त्याची शीळ नेली. मला भाऊ आहे, हे माझे म्हणणे मात्र त्याला कधीच नेता येणार नाही.