वाढत्या मापाचा जोडा

लाकूड नाही हो माझ्यात! आधी तेवढं सांगून टाकतो, मग बाकीचं. जबलपुरात आल्यापासून जो तो मला बोटाने टकटक वाजवतो आणि म्हणतो, "आत लाकूड दिसतंय." कापडाचे थर, कागदाचे थर, मधे खळ, तळाशी एक चिवट पट्टी, वरून गुलाबी साटीन आणि बांधायला फिती, एवढीच माझी संपत्ती. बॅले नावाच्या नाचात मुली पायाच्या अंगठ्यांवर ताठ उभ्या राहतात ना, त्यांच्या पायातला मी जोडा.

दूरच्या एका थंड देशात मला उलटं शिवलं आणि मग सुलटं केलं. आमच्यात सगळ्यांना असंच करतात. त्यामुळे पुढे माणसांच्या उलट्यासुलट्या वागण्याचं मला फारसं नवल वाटलं नाही. आणखी एक गंमत म्हणजे माझ्यात डावा-उजवा नाही. दोन्ही बूट सरळ. कुठला पाय कशात घालायचा, ते मुलगी ठरवते.

तिथून दिल्लीच्या एका दुकानात आलो. मुली आयांबरोबर यायच्या. दुकानातली बाई त्यांना बसवून पाय बघायची, उभं करून बघायची, बोटं सरळ राहतात का, टाचेशी साटीन चिमटीत किती येतं, सगळं तपासायची. लग्न जमवतानाही कोणी एवढं बघत नाही. मग आले गुणवंत पांढरीपांडे. एकटेच.

"बच्ची कहाँ है, सर?" बाईने विचारलं.

"जबलपूर में. नाप लाया हूँ ना!" त्यांनी खिशातून वर्तमानपत्राचा कागद काढला. त्यावर पेन्सिलीने एक पाऊल काढलेलं होतं.

"ऐसे नहीं होता, सर. बच्ची को लाना पड़ेगा."

"अरे मॅडम, बचपन से उसके जूते मैं ही ला रहा हूँ. और सुनिए, एक नंबर बड़ा देना. बढ़ती उमर है."

बाईने नाना परीने समजावलं. पण गुणवंतरावांच्या घराण्यात आजवर कोणी मापाचा बूट घातला नव्हता. सगळं वाढत्या मापाचं, म्हणजे पुढच्या वर्षीही चालतं. मी एक नंबर मोठा होतो, शिवाय चांगला रुंद होतो. मला हातात धरून ते खूश झाले. "मजबूत दिसतोय," म्हणाले, आणि टकटक वाजवून बघितलं.

जबलपूरच्या राइट टाउनमधल्या त्यांच्या घरात माझं स्वागत मात्र एखाद्या नव्या सुनेसारखं झालं. त्यांची मुलगी मीरा तेरा वर्षांची. तिने मला छातीशी धरलं, गालाला लावलं, उशाशी घेतलं. तिची आई शरयू हौसेने त्याच संध्याकाळी फिती शिवायला बसली. मग मीराने पाय घातला. लांब, पातळ, पडवळासारखा पाय. विहिरीत पोहरा सोडावा तसा तो सरळ तळाशी जाऊन आपटला.

"झालाय ना?" गुणवंतरावांनी विचारलं.

"एकदम मस्त, पप्पा," मीरा म्हणाली. तिची बोटं आत आधार शोधत होती.

तिचा क्लास गावातल्याच सदर भागात होता, एका बेकरीच्या वर. खाली पाव भाजायचे आणि वर पोटात कावळे ओरडत असताना मुली नाचायच्या. शिकवणारी वसुधा दीदी इथलीच. मुंबईत बरीच वर्षं शिकून परत आली होती. वार्षिक कार्यक्रमात अंगठ्यांवरचा एक नाच तिने दोघींना दिला होता, मीराला आणि जवळच्या पनागर गावच्या नर्मदाला. घोटे तयार झालेत म्हणाली, फक्त बूट सुट्टीत तिच्याबरोबर दिल्लीला जाऊन घ्यायचे. गुणवंतरावांना ऑफिसच्या कामाने दिल्लीला जायचंच होतं, तर त्यांनी म्हटलं, कशाला ताटकळायचं?

दीदीने मीराच्या टाचेपाशी माझं साटीन धरलं. चिमूट नाही, मूठभर हाती आलं.

"मीरा, यात तुझ्यासोबत अजून कोण राहतं?"

मुली खिदळल्या. मीरा लाल झाली. "दीदी, प्लीज ना. पप्पा लाये हैं."

"पप्पांनी आणले म्हणून पाय थोडाच वाढतो? परत करून टाक. आणि तोवर हे घालून उभं राहायचं नाही, समजलं?"

परत करणार कसं? फिती शिवलेला जोडा दुकान घेत नाही. दीदी काय म्हणाली ते घरी कुणी विचारलं नाही, मीराने सांगितलं नाही.

आता नर्मदाबद्दल सांगतो. तिचे वडील पुंडलिकभाऊ पनागरला मटार पिकवत आणि स्वतःच्या टेम्पोने जबलपूरच्या मंडीत आणत. मुलीला आणायचे-न्यायचे तेही त्याच टेम्पोतून. हौसेत कमी नव्हते, पण नर्मदाच्या पायाला बूट मिळेना. दोनदा मोबाइलवरून मागवले, दोनदा परत गेले. पाऊल रुंद, बोटं आखूड आणि सगळी एका रांगेत. मुली तिला बदक म्हणायच्या, आणि हे नाव शोधून काढणारी आमची मीराच. नर्मदा स्वतःच आधी हसून घ्यायची. "दीदी, माझे पाय वावरासाठी बनले आहेत, बॅलेसाठी नाही."

"वेडी आहेस. अशी एका रांगेतली बोटं मिळायला नशीब लागतं," दीदी म्हणायची. नर्मदाला वाटायचं, ही नुसती समजूत घालतेय.

इकडे मीराने घरी वेगळंच आरंभलं. दुपारी आई बँकेत आणि वडील ऑफिसात गेले की ती कापसाचे गोळे माझ्या टोकात कोंबायची आणि फ्रिजचं हँडल धरून उभी राहायची. फ्रिज बिचारा सरळमार्गी, हलायचा नाही. मी मात्र तिच्या पायात गरगरायचो. तिला धरायचा मी खूप प्रयत्न केला हो, पण तिचा पाय मला कुठे टेकायचाच नाही. मग सगळा भार अंगठ्याच्या नखावर. नख निळं झालं, मग काळं. आईला म्हणाली, पलंगाचा पाय लागला.

क्लासमध्ये ती लंगडायला लागली ते सगळ्यांत आधी नर्मदाच्या लक्षात आलं. मोजे बदलताना तिने ते नख पाहिलं आणि तशीच उठून दीदीकडे गेली. "दीदी, मीराला लागलंय. लई लागलंय. ती सांगून नाही राहिली."

मीराचा नुसता भडका उडाला. "चुगलखोर कहीं की! तुझ्या पायाचे बूट जगात बनतच नाहीत, म्हणून जळतेस माझ्यावर!"

त्या दिवशी नर्मदाने स्वतःवर विनोद केला नाही. आपली पिशवी उचलली आणि जिन्यात जाऊन टेम्पोची वाट बघत बसली.

दीदीने गुणवंतरावांना बोलावून घेतलं. ते आले ते तयारीनेच.

"हे बघा मॅडम, मुलं वाढतात. आमच्या घरी सगळं थोडं मोठंच घेतात."

"काका, स्वेटर मोठा घ्या, काही बिघडत नाही. पण हे घालून ती उभी राहते ना, तेव्हा हीच तिच्या पायाखालची जमीन. जमीनच हलली तर घोटा मोडेल तिचा." असं म्हणून दीदीने मीराचा मोजा अलगद खाली केला.

गुणवंतराव ते नख बघत राहिले. मग मुलीशेजारी फरशीवर बसले. "काहून सांगितलं नाही बेटा?"

"तुम्ही एवढ्या हौसेने आणले होते."

गुणवंतरावांनी नुसता तिचा पाय हातात धरून ठेवला.

पण माणूस पांढरीपांडे! घरी पोचून चहा पोटात गेला तसे सावरले. "अच्छा, ठीक आहे. ठेवून देऊ. पुढच्या वर्षी होतील."

शरयूबाई उठल्या आणि आतल्या कपाटाचं दार उघडलं. पहिल्यांदा एक रेनकोट पडला. मग शाळेचा ब्लेझर, मग सँडल, लोकरीची पँट आणि कधी न घातलेले दोन फ्रॉक. अंगाला होईपर्यंत शाळेच्या गणवेशाचा रंग बदलला होता, सँडलचे पट्टे वाळून तुटले होते, फ्रॉक नुसते वाट बघूनच विटले होते.

"अहो, हे बघा तुमचं पुढचं वर्ष," शरयूबाई म्हणाल्या.

आधी मीरा हसली, मग शरयूबाई, आणि शेवटी गुणवंतरावही असे हसले की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. हसता हसता मीराची नजर माझ्यावर गेली. तिने मला उचललं. ब्लेझरशेजारी ठेवायला गेली आणि थांबली.

नख बरं झाल्यावर ती क्लासला गेली ती मला घेऊनच. सगळ्यांच्या देखत मला नर्मदापुढे ठेवलं.

"घालून बघ."

"नको."

"बघ तर खरं."

"नाही जायचा पाय. आणि सगळ्यांसमोर तर मुळीच नाही."

मीराने कमरेवर हात ठेवले. "चलो, सगळ्या तोंड फिरवा! भिंतीकडे!"

मुली शहाण्यासारख्या भिंतीकडे वळल्या. बॅलेच्या क्लासमध्ये भिंतीला काय असतं? जमिनीपासून छतापर्यंत आरसा. आता तर प्रत्येकीला समोरून दिसत होतं. नर्मदाला हसू फुटलं आणि त्या हसण्यातच तिने पाय घातला.

काय सांगू! मीराच्या पायाखाली मी वळलोच नव्हतो, कोराच होतो. हा पाय आत आला आणि सगळीकडून लागला. बाजूंना, टोकाला, तळव्याखाली. बोटं सरळ, कुठे दुमडणं नाही. मीरा गुडघ्यांवर बसली आणि टाचेपाशी साटीन धरून बघितलं. बोटांच्या टोकांत येईल एवढंच आलं.

"दीदी!" ती ओरडली. "दीदी, इधर आओ जल्दी!"

दीदीने खाली-वर, मागे-पुढे, सगळं तपासलं. मग आरशालगतच्या आडव्या दांड्याकडे बोट दाखवून म्हणाली, "बार धर. हळू ये वर."

नर्मदा वर आली. थरथरली, स्थिरावली, आणि पनागरच्या मुलीने आरशात बघितलं तर ती खोलीतल्या सगळ्यांहून उंच होती. तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

"ए, रडू नकोस," मीरा खालून म्हणाली. "साटीनवर डाग पडतात." मग फीत नीट करत हळूच म्हणाली, "मी तुला परत बदक नाही म्हणणार."

"म्हण की," नर्मदा वरून म्हणाली. "आता मला कुठं झोंबून राहिलं?"

पुढे गुणवंतराव मीराला घेऊन दिल्लीला गेले. मी तिथे नव्हतो. तिचा नवा जोडा, अरुंद आणि जरा शिष्टच, त्याने मला नंतर सांगितलं. म्हणे, बाई माप घेत असताना गुणवंतरावांनी एकदाच तोंड उघडलं. मीराने बघितलं. त्यांनी मिटलं.

कार्यक्रमाच्या दिवशी दोघी शेजारी शेजारी अंगठ्यांवर उठल्या. पुंडलिकभाऊ पुढच्या रांगेत होते. त्यांनी शेजारच्या माणसाचा हातच धरला. "बघा जी, माझी पोरगी! टाच टेकूनच नाही राहिली!"

शेजारी नेमके गुणवंतराव. "बूट कसे बसलेत तिला?"

"एकदम फिट!"

"मीच आणले होते," गुणवंतराव ऐटीत म्हणाले. "माप बघून."

आमचं आयुष्य फार थोडं असतं. भार पेलून पेलून खळ मऊ पडते, पट्टी थकते आणि मग अंगठ्यांखाली आम्ही उभे राहू शकत नाही. मीही तसाच संपलो, नर्मदाच्या पायांत, नाचता नाचता. तिची आई राधाबाई म्हणाली, टाकून दे. नर्मदा देईना. तेव्हा पुंडलिकभाऊंनी मला नेऊन टेम्पोच्या मागे बांधलं. गाडीला नजर लागू नये म्हणून लोक काळा फाटका बूट लटकवतात ना, तसा. साऱ्या मंडीत गुलाबी साटीनचा मी एकटाच.

मटारांच्या पोत्यांमागे मी असा रोज पनागरहून जबलपुरात येतो. कमानिया गेटपाशी गाड्या तुंबल्या की मागचा स्कूटरवाला हमखास विचारतो, "भैया, ये गुड़िया के जूते हैं क्या?"

"बेटी के हैं," भाऊ मान बाहेर काढून सांगतात, आणि मग त्याने विचारलेलं नसतं तेही सगळं सांगतात. मागचे हॉर्न वाजवून वाजवून थकतात.

तर आयाबापांनो, एवढंच ऐका. बूट घ्यायला जाल तेव्हा लेकराला सोबत न्या. घालून बघू द्या, आणि ते "मस्त" म्हणालं तरी जरा त्याच्या तोंडाकडे बघा. चला, गाडी सुटली. मला वाऱ्यावर डोलायचंय, आणि आता तर मला टेकायला जमीनही लागत नाही.