आठवडाभर आईच्या पर्समध्ये

परीक्षा तोंडावर आली तेव्हा आमच्या चिरंजीवांनी स्वतःहून फोन आईच्या हवाली केला. स्वतःहून म्हणजे, आदल्या दिवशी फोनमध्ये डोकं खुपसून चालताना ते दाराच्या चौकटीवर आदळले आणि वर चौकटीलाच "सॉरी" म्हणाले. ते पाहून आईने नुसता हात पुढे केला.

"शेवटचा पेपर होईपर्यंत हा माझ्या पर्समध्ये राहील," ती म्हणाली.

"अगं आई, ग्रुपवर आठवडाभर दिसलो नाही तर सगळे मला विसरतील!"

"विसरू देत. तू आधी अभ्यासाचं आठव."

हसू येईल, पण पोरगा हे अगदी मनापासून म्हणत होता. कॉलेजात त्याला जिवाभावाचं कोणी नव्हतं. होता तो वर्गाचा ग्रुप, आणि तिथे तो दिवसरात्र पडीक असायचा. कोणी काहीही लिहो, हा खदाखदा हसणारे चेहरे टाकणार. कोणी नापास झालं तरी तेच, कोणाचं जमलं तरी तेच. पोरं त्याला खिदळ्याच म्हणत. तेवढी ओळखही पुसली गेली तर आपलं उरलं काय, ही त्याला धास्ती.

आता या आईबद्दल सांगायला हवं. ती बसस्थानकावर चौकशीच्या खिडकीत बसायची. प्रश्न आला की उत्तर द्यायचं, हे तिच्या हाडीमाशी खिळलेलं. टीव्हीवरच्या बाईने "तुमचेही केस गळतात का?" विचारलं, तरी ही स्वयंपाकघरातून "नाही हो" म्हणणार. अशा बाईकडे सतत कुणकुणणारा फोन देणं म्हणजे चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या! आणि कुलपाचा आकडा तरी काय, पोराची जन्मतारीख.

पहिल्याच दुपारी ग्रुपवरच्या लंबूने लिहिलं, "का जगतोय आपण?" एरवी यावर हसऱ्या चेहऱ्यांचा पाऊस पडायचा. आईने पोराच्या नावावरून उत्तर धाडलं, "का रे, काय झालं? जेवलास का?"

लंबूने लिहिलं, "सकाळपासून नाही."

"मग आधी जेव. जगण्याचं नंतर बघू."

झालं, तिथून रांगच लागली. कोणाची झोप उडालेली, कोणाला घरी खरं सांगायची भीती, कोणी दुखणं अंगावर काढत होतं. आईने एकेकाला ओळीने घेतलं. "घुसू नका, सगळ्यांना उत्तर मिळेल," अशी तंबीही दिली. अंधार पडला की लिहायची, "आता बास. फोन ठेवा आणि झोपा." आणि नवल म्हणजे पोरं झोपायची! पोरगा मात्र पेपर दिला की तडक घरी येऊन आपल्या खोलीत पुस्तकाशी झटत होता. त्याला यातलं काही ठाऊक नव्हतं.

शेवटचा पेपर देऊन तो बाहेर आला तेव्हा आपल्याकडे कोणी ढुंकूनही बघणार नाही, अशी त्याची खात्रीच होती. तर पायऱ्यांवर सगळे त्याच्याभोवती गोळा झाले. लंबू तर गळ्यातच पडला. प्रयोगशाळेतली जोडीदारीण, जिच्याशी हा वर्षभरात "ती नळी दे" यापलीकडे बोलला नव्हता, ती म्हणाली, "तू रागावलास म्हणून डॉक्टरांकडे गेले. आता बरं वाटतंय रे."

पोराच्या डोक्यात हळूहळू उजेड पडला. गप्प बसला असता तर आयतं श्रेय पदरात होतं, आणि त्याला मोह झालाही. पण चांगलं पोर ते.

"तो मी नव्हतो," तो पुटपुटला. "माझी आई होती."

पोरं हसून हसून पायऱ्यांवर लोळली. हसू ओसरल्यावर लंबूने अगदी साधेपणाने विचारलं, "मग तू कुठे होतास?"

"घरी. अभ्यास करत होतो."

"या आठवड्याचं नाही रे. वर्षभर कुठे होतास?"

हे मात्र वर्मी लागलं. हसरा चेहरा टाकायला हात सवयीने खिशात गेला, तर खिसा रिकामा. पोराला रडूच यायचं बाकी होतं. मग तो जोडीदारणीकडे वळला.

"तुला नक्की काय होत होतं?"

ती सांगायला लागली. चांगलंच लांबलचक होतं ते. तो तिच्या शेजारी पायरीवर बसला आणि ऐकत राहिला.